सवतीचा अहवाल

४ फेब्रुवारी

प्रिय बारके,

फोनवर तू "बोल ना ताई" म्हणतेस आणि मागून तुझ्या टायपिंगचा आवाज येत राहतो. म्हणून पत्र लिहितेय. कागद धरलेल्या हाताने निदान दुसरं काही करता येत नाही.

घरी सगळं ठीक आहे, फक्त मला सवत येतेय. घाबरू नकोस, तुझे भावोजी जागेवरच आहेत, दुखऱ्या गुडघ्यासकट. सवत ऑफिसात येतेय.

तू सुट्टीत माझ्याकडे राहायला आली होतीस तेव्हा आमची तपासणी प्रयोगशाळा दोन खोल्यांची होती. आता सहा मजले आहेत, आणि अर्ध्या शहरातले डॉक्टर आमचा रिपोर्ट आल्याशिवाय औषध लिहीत नाहीत. सर्व्हर एकशे बारा. प्रत्येकावर कुठली सेटिंग हवी, दुसऱ्या यंत्रांशी बोलायचं कुठलं दार उघडं, कुठलं बंद, हे सगळं सोळा वर्षं मी लिहीत आलेय. ते लिखाण राहतं थोरल्यावर. थोरला म्हणजे आमचा मुख्य सर्व्हर, हे नाव मीच ठेवलंय. बाकीची मशीनं रोज सकाळी त्याच्याकडे येतात, आपल्यासाठी काय लिहिलंय ते वाचतात आणि गुमान तशी वागतात. घरात असं कुणी माझं ऐकत नाही.

आता नवे साहेब आलेत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, थोरला पडला तर काय, आणि तुम्ही आजारी पडलात तर काय. मी म्हटलं, सोळा वर्षांत थोरला दोनदा पडला आणि दोन्ही वेळा मी उठवला, एकदा तर अंगात ताप असताना. ते म्हणाले, तेच तर मला नकोय. मग त्यांनी एका कंपनीची क्लाउडवरची तयार सेवा काढली. थोरल्याचं काम ती करणार. मुख्य सर्व्हर त्यांचा, बॅकअप त्यांचा, अपडेट त्यांचे. आपण फक्त काय हवं ते लिहून द्यायचं. वीस मशीनांवर पंचेचाळीस दिवस चाचणी करायची आणि शेवटी अहवाल द्यायचा, ठेवायची की नाही.

आणि तो अहवाल कुणी लिहायचा, तर मी. सवतीचं प्रगतिपुस्तक भरायला पहिलीलाच बसवलंय. तुझे भावोजी हे ऐकून इतके हसले की गुडघा विसरले.

बारके, मी खोटं बोलत नाही, मला तिचा राग येतो. काल तिचा पडदा उघडून बसले होते. हिरव्या खुणा, गोल आलेख, एका बोटावर सगळं. मी जे सोळा वर्षं काळ्या खिडकीत एकेक ओळ लिहून केलं ते हिला जन्मजात येतं. शेजारच्या खोलीतली माणसं येऊन बघून गेली. माझं काम बघायला कधी कुणी आलं नव्हतं.

तू अशाच कुठल्यातरी कंपनीत असतेस. मावशी दर रविवारी फोन करून सांगते की बारकीच्या हाताखाली बारा माणसं आहेत. मागच्या रविवारी म्हणाली चौदा. मला त्या चौदातलं कुणी नको, मला या सेवेचे दहा दोष लिहून पाठव. अहवालाला दहा पुरतील.

तुझी ताई


१५ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र लिफ्टमध्ये वाचलं आणि हसू आलं म्हणून दोन मजले जास्त वर गेले. भावोजींच्या गुडघ्याला माझा नमस्कार सांग.

दहा दोष नाहीत गं. तीन गोष्टी आहेत, त्या मात्र नीट बघ. ही सेवा आठवड्यातून एकदा स्वतःला अपडेट करते, आणि तेवढा एक तास तिचा मुख्य सर्व्हर कुणाला भेटत नाही. तुमच्या खिडकीवर रांग असते त्या वेळी तो तास आला तर पंचाईत. तेव्हा तो तास तुम्हीच ठरवून घ्या. बॅकअप रोज घेतला जातो असं सगळेच सांगतात, पण त्यावरून मुख्य सर्व्हर परत उभा करून कुणी बघत नाही. तू चाचणीत मुद्दाम एकदा उभं करून बघ, घड्याळ लावून. आणि उद्या तुम्हाला सोडून जायचं झालं, किंवा कंपनीनेच ही सेवा बंद केली, तर तुमचं लिखाण तुमच्या हातात असलं पाहिजे. त्याची एक प्रत पहिल्या दिवसापासून घरी ठेवा.

बाकी ती चांगली आहे. तुला हे ऐकायचं नाहीये हे मला इथून दिसतंय.

आणखी एक सांगते. चौदा माणसं हाताखाली आहेत म्हणजे दिवसभर चौदा जणांच्या रजेचे अर्ज आणि रुसवेफुगवे. मी गेल्या दोन वर्षांत एकाही मशीनला हात लावलेला नाही. आम्ही ज्यांची काळजी घेतो ते सर्व्हर कुठल्या खोलीत आहेत, तिथे गरम होतं की थंड, काही माहीत नसतं. तुला एकशे बाराही मशीनं आवाजावरून ओळखता येतात. मावशीला हे सांगू नकोस, नाहीतर आईला कळेल, पण तुझा हेवा वाटतो मला. तुला तुझा म्हणावा असा एक थोरला आहे.

तो इतका लाडका आहे म्हणूनच तर तुला त्रास होतोय, नाही का?

बारकी


३ मार्च

बारके,

तुझं पत्र वाचून मला दोन दिवस बरं वाटलं. हेवा वाटतो म्हणालीस, ते वाक्य मी तुझ्या भावोजींनाही वाचून दाखवलं. मग तिसऱ्या दिवशी सेवेची मार्गदर्शिका वाचायला घेतली.

त्यात एक पान आहे, बदल करण्यापूर्वी काय करावं यावर. तीन प्रश्न आहेत. आधी काय होतं? मी काय केलं, आणि ते कुठे लिहिलं? मी नसताना हे बिघडलं तर कुणी काय करायचं?

हे प्रश्न माझ्या वहीतले आहेत, बारके. ती तू त्या सुट्टीत उतरवून घेतली होतीस, माझ्या पलंगावर पालथी पडून. जगात हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारणाऱ्या दोनच बायका आहेत. त्यातली एक मी, आणि मी ते पान लिहिलेलं नाही.

म्हणजे तू त्याच कंपनीत आहेस. मी तुला सवतीचे दोष विचारत होते आणि तू सवतीच्या माहेरची. "बाकी ती चांगली आहे" म्हणे. पानाखाली कुणाचं नाव नाही, माझं तर नाहीच. तुला इंग्रजी न येणाऱ्या वयात मी शेजारी बसवून शिकवलं, आणि आज तुझ्यामुळे माझंच लिखाण माझ्याच डोक्यावर बसवायला येतंय. माझा नुसता तिळपापड झाला.

पण तुला आनंदाची बातमी देते. तुझी लाडकी नापास झाली. गेल्या सोमवारी ७१ नंबरचं मशीन तिने बिघडवलं. त्याला आमचं रक्त तपासणारं जुनं यंत्र जोडलेलं आहे. सकाळी नऊपासून एक वाजेपर्यंत त्या यंत्राचा एकही रिपोर्ट बाहेर पडला नाही. चार तास. आणि इकडे हिच्या पडद्यावर वीसच्या वीस खुणा हिरव्यागार. शेवटी मीच जाऊन ७१ चाचणीतून बाहेर काढलं आणि सुरू केलं. सोळा वर्षांत माझ्या हातून असं झालेलं नाही. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा होता.

आता मला दहा दोषांची गरज नाही. एकच पुरतो. अहवाल सत्तावीस तारखेला द्यायचाय, पण मी तो मनात लिहून ठेवलाय.

ताई


७ मार्च

बारके,

आज रविवार, मावशीचा फोन. मी काही विचारलं नव्हतं, तीच म्हणाली की बारकी मोठी साहेबीण होणार, सगळ्या चाचण्या तिच्याकडे आहेत, आतापर्यंत एकही ग्राहक परत गेलेला नाही, आता एकच राहिलाय, कुठलीतरी प्रयोगशाळा.

छान. म्हणजे तुझी बढती माझ्या पेनात आहे. तीन गोष्टी सांगताना हे चौथी म्हणून सांगता आलं असतं.

ताई


१६ मार्च

ताई,

तुझी दोन्ही पत्रं समोर ठेवून लिहितेय. उशीर झाला कारण तीन वेळा लिहून फाडलं.

हो, दोन वर्षं याच कंपनीत आहे. सांगितलं नाही, कारण तेव्हा तू म्हणायचीस की अशा कंपन्या दुसऱ्याच्या कामावर जगतात. तुमच्या प्रयोगशाळेचं नाव यादीत आलं तेव्हा मी ते दुसऱ्याकडे द्यायला हवं होतं. दिलं नाही. तुझं काम माझ्या देखरेखीखाली येतंय याचा मला आनंद झाला होता. वाईट आनंद. लहानपणापासून आई मला सांगत आलीय, ताईचं अक्षर बघ, ताईची शिस्त बघ, ताईला काही दोनदा सांगावं लागत नाही. तू मावशीच्या रविवारच्या फोनवर जळतेस ना, मी तसे रोज सकाळ-संध्याकाळ जळलेय. तुला कल्पना नाही.

ते पान मीच लिहिलं. सभेत सगळ्यांना फार आवडलं. हे कुणाचं, असं विचारलं तेव्हा मी म्हटलं, माझं. तोंडातून गेलं आणि मग परत घेता आलं नाही. म्हणजे घेता आलं असतं, मी घेतलं नाही. याची माफी फोनवर मागणार होते, पण तू म्हणालीस तसं, मागे टायपिंग चालू राहिलं असतं.

बढतीचंही खरं आहे. पुढच्या महिन्यात ठरेल. तू काय लिहावंस याबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. तुमची चाचणी मी परवा दुसऱ्या गटाकडे सोपवली. कारण विचारलं तेव्हा सांगितलं की तिथे माझी बहीण आहे.

तुमच्या नोंदी मी उघडल्या नाहीत, उघडणारही नाही. पण तू मला शिकवलंस म्हणून तुला दोन गोष्टी विचारते. ही सेवा स्वतःच्या मनाने काही करत नाही. दर अर्ध्या तासाने येते आणि मशीन लिहिल्याप्रमाणे आहे का ते बघते, नसेल तर लिहिल्याप्रमाणे करते. मग ७१ वर असं काय होतं, जे लिहिलेलं नव्हतं? आणि एकशे बारांतून ही वीस मशीनं निवडली कोणी?

मला उत्तर नको. तुझ्या अहवालाला दे.

बारकी


२ एप्रिल

बारके,

तुझं पत्र आल्यावर मी आठ दिवस तुला शिव्या घातल्या. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना. भावोजी म्हणाले, इतक्या शिव्या घालतेस म्हणजे तिचं काहीतरी बरोबर असणार. मग त्यांनाही दोन घातल्या.

वीस मशीनं मी निवडली. ७१ मीच घातलं, सगळ्यात शेवटी, त्या सोमवारी सकाळी.

आता सगळं सांगते. त्या जुन्या यंत्राला जुन्याच पद्धतीची जोडणी लागते. त्यासाठी ७१ वर एक दार उघडं ठेवावं लागतं, जे बाकी सगळ्या मशीनांवर बंद असतं. महिन्याचा अपडेट आला की ते आपोआप लागतं, मग मी जाते आणि हाताने उघडते. नऊ वर्षं. थोरल्याच्या फेरीतून मी ७१ ला वगळून ठेवलं होतं, आणि हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. विसरले म्हणून नाही. अपडेट आला आणि मी रजेवर असले की ७१ बंद पडायचं आणि मला फोन यायचा. लग्नकार्यातून मला उठावं लागायचं, मी सगळ्यांसमोर कपाळाला आठ्या घालायचे आणि आतून मला गुदगुल्या व्हायच्या. बघा, माझ्यावाचून अडलं. माझ्या वहीतला तिसरा प्रश्न साऱ्या जगाला शिकवला मी, आणि स्वतः त्याचं उत्तर नऊ वर्षं मुठीत धरून ठेवलं.

चाचणीसाठी ७१ चं लिखाण मी बाकीच्या एकोणीस मशीनांसारखंच दिलं, दार बंद. ती येऊन ते बंद करणार हे मला माहीत होतं. मला वाटलं, पाच मिनिटं बंद पडेल, फोन येईल, मी जाईन, उघडीन, आणि सवतीचं नाक कापलं जाईल.

त्या सोमवारी नऊ वाजता मी टेबलाशी फोन समोर ठेवून बसले. वाजला नाही. साडेनऊ, दहा. पडदा हिरवा, म्हणून सर्व्हरवर कुणाला संशय आला नाही. त्यांनी यंत्र दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. मी उठून दोन जिने उतरले असते तर काम झालं असतं, पण मला कुणीतरी बोलवायला हवं होतं. एवढ्यासाठी मी चार तास बसले, बारके. पाण्यालाही उठले नाही.

एक वाजता मीच गेले. वाटेत खालच्या मजल्यावर बाकावर एक म्हातारे बसले होते. मांडीवर बायकोच्या चपला. रिपोर्ट आला नाही म्हणून तिचं ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं होतं, आणि तिला तिकडे हॉस्पिटलात तसंच उपाशी झोपवून ठेवलं होतं. त्यांनी मला विचारलं, बाई, मशीन मोडलंय का? मी हो म्हटलं. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी नीट झालं, मी चौकशी केली. त्यामुळे मला फारसं बरं वाटलं नाही.

हे सगळं मी तुझ्यापासून लपवलं. साहेबांपासूनही लपवून सत्तावीस तारखेला अहवाल देणार होते. सव्वीसला बसून नवा लिहिला. सेवा घ्यावी, असं लिहिलं. तीन अटी घातल्या, त्या तुझ्या आहेत. अपडेटचा तास रविवारी दुपारी, बॅकअपवरून उभं करणं दर महिन्याला आमच्या हाताने, आणि लिखाणाची प्रत आमच्याकडे. उभं करून पाहिलं, एक तास दहा मिनिटं लागली. थोरल्याला मी इतक्या लवकर कधी उठवलेलं नाही, हेही लिहिलं. आणि ७१ चा बिघाड सेवेचा नव्हता, माझा होता, कसा होता, हे दीड पानात लिहिलं. नाव घालून.

साहेबांनी माझ्यासमोर वाचलं. ते दीड पान परत वाचलं. मग म्हणाले, हे तुम्ही लिहिलं नसतं तर मला कळलं नसतं. मी म्हटलं, मला कळलं असतं. लेखी ताकीद मिळाली, फायलीत लागली, सोळा वर्षांतली पहिली. मावशीला सांगू नकोस. आता उरलेल्या मशीनांचं लिखाण तपासून तिकडे हलवायचं काम माझ्याकडेच दिलंय, पण शेजारी दोघं बसणार, प्रत्येक ओळ समजून घेणार.

काल ७१ चं लिहिलं. कुठलं दार, का उघडं, यंत्र बदललं की का बंद करायचं. अकरा ओळी झाल्या. नऊ वर्षं अकरा ओळींसाठी. लिहून दिलं आणि त्या गार खोलीत स्टुलावर बसून राहिले. अर्ध्या तासाने ती आली. माझ्या ओळी वाचल्या, ७१ बघितलं, सगळं लिहिल्याप्रमाणे आहे अशी नोंद केली आणि कशालाही हात न लावता निघून गेली. खाली रिपोर्ट छापत होते, त्यांना काही कळलंही नाही. मला कुणाचा इतका मत्सर वाटलेला नाही, तुझाही नाही. तिथेच बसून थोडं रडून घेतलं.

त्या तीन प्रश्नांखाली माझं नाव घालायचं की नाही ते तुझं तू ठरव, मी मागणार नाही. मागायचा हक्क मीच घालवलाय.

तुझ्या बढतीचं काय झालं ते मावशीकडून कळण्याआधी तू कळव. झाली असेल तर मला दोन दिवस मनसोक्त जळू दे. तिसऱ्या दिवशी मी स्वतः फोन करीन, आणि तेव्हा मागे टायपिंग ऐकू आलं तर खबरदार.

तुझी ताई